परळातलं पाणी

थोरला मुलगा केरू हिवतापाने गेला, तेव्हापासून सगुणा आणि तिचा नवरा आत्माराम यांच्यात कामापुरतंच बोलणं उरलं होतं. ताट वाढलंय, तेल संपलंय, तुळसाचं अंग गरम नाही ना. तुळसा त्यांची धाकटी, अजून बोबडं बोलणारी.

आत्माराम रत्नागिरीच्या कचेरीत कारकून. श्रावणातल्या एका रविवारी तो गावावरच्या कातळाच्या सड्यावरून आला, तो धोतर चिखलाने माखलेलं आणि हातात करवंटी. तिच्यातल्या मूठभर मातीत बाळाच्या तळव्याएवढं लालभडक रोप होतं.

"सगुणे, बाहेर ये गो! हे डास खातं."

पानांवरच्या केसांना चिकट थेंब होते. त्यातल्या एकावर डास अडकलेला. सगुणा वाकून बघत राहिली. डोळ्यांदेखत त्याचं पाय झाडणं थांबलं आणि तिला बरं वाटलं. कितीतरी महिन्यांनी बरं वाटलं.

मग आत्माराम दर रविवारी सड्यावर जाऊ लागला. पडवी करवंट्यांनी भरली. या रोपांच्या मुळाशी सतत पाणी लागतं आणि तेही पावसाचंच, असं त्याने एका मासिकात वाचलं होतं. म्हणून करवंट्या मातीच्या पसरट परळांत ठेवल्या. तो कचेरीत गेला की सगुणा पागोळ्यांचं पाणी घागरीत धरून परळ भरून ठेवी. भादव्यात पावसाने ओढ दिली, तरी तिने एकही परळ सुकू दिला नाही.

संध्याकाळी दोघं पडवीत बसून कुठल्या पानाने काय धरलं ते बघत. एकदा ती हसलीसुद्धा.

"घरात जीव खाणारी झाडं कशाला गो?" शेजारच्या सखूने विचारलं.

"खाऊ देत. आमचा नाही का खाल्ला त्या डासांनी?"

आश्विनात तुळसाला हुडहुडी भरली. डॉक्टर आले, हिवतापावरचं कोयनेल दिलं आणि निघताना पडवीत थबकले. एक परळ उचलून त्यांनी उजेडात धरला. पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या.

"हे झाड एखादा डास खात असेल हो. पण इथे तर त्यांची पैदास चाललीय! हे पाणी कोण साठवतं?"

सगुणाने तोंड उघडलं, तोच आत्माराम म्हणाला, "मी. रोज मीच घालतो."

डॉक्टर गेल्यावर तिने सगळे परळ अंगणात उपडे केले. आत्माराम करवंट्या उचलून देत होता.

दिवाळीआधी तुळसा गेली.

समाचाराला येणाऱ्या प्रत्येकाला आत्माराम तेच सांगे, "पाणी मी घालत होतो. चूक माझी."

एकदा माणसं गेल्यावर ती म्हणाली, "अहो, पाणी मी घालत होते."

"तू काही केलं नाहीस."

"रोज घालत होते. तुम्हाला ठाऊक आहे."

"त्याचं आता नाव काढू नको," तो इतक्या मायेने म्हणाला, की तिला पुढे बोलताच येईना. तो एकदा जरी तिच्यावर ओरडला असता, तरी तिला रडता आलं असतं.

मार्गशीर्षात केळशीहून तिचा भाऊ रावजी आला आणि ती त्याच्याबरोबर मचव्यात बसली. आत्माराम धक्क्यावर उभा होता. "कधी येशील?" त्याने विचारलं.

वर्ष उलटलं, तेव्हा तो तिला न्यायला केळशीला गेला. सगुणाने पाय धुवायला पाणी दिलं, माशाचं जेवण वाढलं. जेवण झाल्यावर तो म्हणाला, "चल आता घरी. मी तुला कधी काही म्हटलंय का?"

"नाही म्हटलंत. इथे मी खरं ते सांगितलंय. भावजय म्हणते. पोरीला हिनेच घालवली, असं उठता बसता ऐकवते."

"मग इथे कशाला राहतेस?"

"ते ऐकलं की मला झोप लागते," सगुणा म्हणाली आणि त्याचं ताट उचलून आत गेली.

बराच वेळ तो ओटीवर बसून राहिला. ती बाहेर आली नाही. शेवटी रावजीच त्याला बंदरापर्यंत पोचवून आला.