‘आयव्ही ग्रेस’वरची माणसं

क्लिफर्ड स्टॅदर्स गेला, त्यानंतर त्याच्या बायकोनं, मुरिएलनं, दुकान जेमतेम वर्षभर रेटलं. इंग्लंडमधल्या हल शहरातल्या हेसल रोडवरच्या त्या दुकानात एके काळी शनिवारी पाय ठेवायला जागा नसे. जोडायची विमानं, आगगाडीचे रूळ, अंगठ्याएवढ्या डब्यांतले रंग, सगळं छतापर्यंत रचलेलं. आता दिवसाकाठी एखादा माणूस यायचा, खोका उलटसुलट बघायचा, फोनवर त्याचा फोटो काढायचा आणि ‘छान आहे हं’ म्हणून निघून जायचा. घरी बसून तोच खोका मागवणार, हे तिला कळायचं. शेवटी तिनं काचेवर ‘दुकान बंद होत आहे’ अशी पाटी लावली आणि नणंदेला, एनिडला, आवराआवरीला बोलावून घेतलं.

मागच्या खोलीत क्लिफर्डचं टेबल होतं. त्यावर ‘आयव्ही ग्रेस’ उभी होती. आइसलंडच्या बाजूला मासेमारीला गेलेली मूळची बोट सगळ्या माणसांसकट बुडाली, तेव्हा क्लिफर्ड पाळण्यात होता. त्याचा बाप त्या बोटीवर मेट, म्हणजे कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी होता. क्लिफर्डनं तिची हातभर लांबीची प्रतिकृती जुन्या नकाशांवरून, एकेक फळी कापून घडवली होती. माणसं तेवढी राहिली होती. ती बोटाच्या पेराएवढी, बिनरंगाची, करड्या अंगानं एका पत्र्याच्या डबीत पडून होती.

एका सकाळी मुरिएलनं मागचं दार उघडलं तर टर्पेंटाइनचा वास आला. बोटीच्या डेकवर एक माणूस जाळ्यावर वाकून उभा होता. अंगात पिवळा रेनकोट, लालसर हात. तिनं बोट लावलं, तर रंग बोटाला लागला.

“एनिड, हे तू केलंस?”

“मी? अगं, माझे हात बघ. सुईत दोरा जात नाही माझ्याच्यानं.” एनिडनं थरथरती बोटं पुढं केली. “तूच केलं असशील आणि विसरली असशील.”

दुसऱ्या दिवशी आणखी दोघं आले. मग स्वयंपाकी आला, बादली घेऊन. मुरिएलनं पुन्हा विचारलं नाही. खरं सांगायचं तर ती आता सकाळी लवकर उठू लागली होती. डोक्यावरून फणी फिरवून, कोट चढवून, पहिल्या बसनं यायची. मागचं दार ती हळूच, आवाज न करता उघडायची. तो वास आला की तिला आत कुठंतरी बरं वाटायचं.

त्या आठवड्यात म्हातारा ब्लेन्किन आला. उभी हयात बोटींवर काढलेला माणूस. दुकान बंद होतंय म्हणून सहज डोकावला होता. बोट बघून त्यानं टोपी काढली.

“हा आमच्या बोटीवरचा लॉरी. असाच पाय फाकून उभा राहायचा. आणि हा आमचा स्वयंपाकी, बादली कायम डाव्या हातात.” तो टेबलाला धरून खाली बसला. “क्लिफर्डला हे कुणी सांगितलं? तो तर तान्हा होता.”

“तुम्ही सांगितलं असेल.”

“मी या बोटीबद्दल कुणाशी बोलत नाही, पोरी. मी तेव्हा पोरगेलाच होतो. त्या खेपेला मी जायचा होतो, पण अंगात ताप भरला.” त्यानं पुन्हा डेकभर नजर फिरवली, अगदी कोपऱ्याकोपऱ्यातून. “मी नाही ना यात?”

“नाही हो.”

“नीट बघ बाई.”

तिनं नीट बघितलं. तो नव्हता. ब्लेन्किन निघाला तेव्हा तिनं दिलेला चहाचा कप तसाच भरलेला होता.

एकेक जण रंगून डेकवर गेला आणि डबीत आता एकच माणूस उरला होता. क्लिफर्डचा बाप; त्याला सगळ्यांत शेवटी रंगवायचं, असं क्लिफर्ड म्हणायचा. मुरिएल त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. हा एकदा डेकवर चढला की काम संपलं, आणि काम संपल्यावर क्लिफर्ड कशाला थांबेल? तिनं त्याला रुमालात गुंडाळलं आणि पर्समध्ये टाकून घरी नेलं.

सकाळी वास नव्हता. टेबलाचे सगळे खण उघडे होते.

“चोर!” एनिड ओरडली. पण गल्ला जागेवर होता, काहीच गेलेलं नव्हतं. त्यापुढच्या सकाळी दुकानातले खोके खाली उतरवलेले, झाकणं काढून शेजारी नीट ठेवलेली. एनिड दारातूनच मागं फिरली. “मला नाही यायचं इथं, मुरिएल. हे जे काही करतोय ना, ते काहीतरी शोधतंय.”

“करतोय की करतंय, ते तरी ठरव,” मुरिएल म्हणाली. मग ती एकेक झाकण खोक्यांवर परत बसवू लागली.

तिसऱ्या सकाळी ती एकटीच आली. खिळ्यावरचा क्लिफर्डचा कामाचा कोट टेबलावर पसरलेला होता आणि त्याचे सगळे खिसे उलटे बाहेर काढलेले होते. पेन्सिलीचा तुकडा, एक खोकल्याची गोळी, सगळं ओळीनं मांडून ठेवलं होतं. बिचाऱ्यानं स्वतःचेच खिसे तपासले होते. आपणच कुठंतरी हरवलं, असं वाटलं असेल त्याला. मुरिएल खुर्चीत बसली आणि रडली. मग तिनं पर्स उघडली.

“मी नेलं होतं रे,” ती रिकाम्या खोलीत म्हणाली. “हे घे. तुझं कुठं काही हरवलेलं नाही.”

रात्र तिनं घरी जागून काढली. उजाडल्यावर एनिडचा हात धरून ती दुकानात आली. बाप डेकच्या कठड्यापाशी उभा होता, अंगावर निळी जर्सी. त्याच्या शेजारी आणखी एक जण होता. हा डबीत कधीच नव्हता. हा खलाशी नव्हता. चष्मा कपाळावर सरकवलेला, मान किंचित कललेली, बापाचं बोलणं ऐकत असल्यासारखी.

“देवा,” एनिड म्हणाली. “आमचा क्लिफ आहे हा.”

मुरिएलनं हात लावला नाही. रंग ओला असेल, पुसला जाईल, अशी भीती वाटली तिला. दोघींनी दिवसभर दार बंद ठेवलं आणि तिथंच बसून राहिल्या.

उरलेला माल एक व्यापारी गाडी भरून घेऊन गेला. बोट ब्लेन्किननं मागितली नाही, पण मुरिएलनं ती त्याच्याच हाती दिली; मच्छीमारांच्या चर्चमध्ये ठेवायला. तो ती छातीशी धरून, मध्येमध्ये थांबत, चालत गेला.

हिवाळ्यात एकदा तिची बस हेसल रोडवरून जात होती. ती एक थांबा आधीच उतरली. दुकान अजून कुणी घेतलं नव्हतं. तिनं काचेला कपाळ टेकून आत बघितलं, मग दारातल्या टपाल टाकायच्या फटीपाशी वाकून वास घेतला. धूळ, ओल, बाकी काही नाही. ती तशीच वाकून बराच वेळ थांबली. आत कुणी नव्हतं, आणि आता ते तिला स्पष्ट कळत होतं.