चाराला एक

भाचेजावयाच्या रिसॉर्टवर "सर्वांसाठी खुलं" अशी पाटी लागणार होती. त्यासाठी चाकाच्या खुर्चीतल्या कुणीतरी सगळं वापरून बघून फॉर्मवर सही करायला हवी होती. घरातच असं माणूस आहे म्हटल्यावर जावयाने बाहेर कशाला शोधावं? त्याने मावससासूला बोलावलं. त्या भूमितीच्या निवृत्त बाई. एके काळी रोज पोहायच्या. नऊ वर्षांपूर्वी पाय गेले, तेव्हापासून पाणी म्हणजे बादलीतलं. रिसॉर्टच्या पोहण्याच्या तलावात आपलं आपल्याला उतरता येईल, असं तो फोनवर म्हणाला, म्हणून त्या आल्या. नाहीतर या गृहस्थाचं तोंड लग्नाच्या अल्बममध्ये बघितलं तेवढं त्यांना पुरेसं होतं.

बाथरूममधला आधाराचा दांडा धरताच हातात आला. तो चक्क चिकटवलेला होता. आरसा इतका उंच, की बाईंना त्यात फक्त छत दिसलं. आरसा परदेशी आहे, हे मात्र जावयाने दोनदा सांगितलं.

तलावाकडे उतरणारा रॅम्प बाईंनी नुसत्या नजरेने मापला. बारा फुटांना एक फूट उतार हवा. इथे चार फुटांतच एक. असं उत्तर काढणाऱ्याचा त्यांनी शाळेत कान पिळला असता. जावई म्हणाला, लांब रॅम्प केला असता तर लॉन वाया गेलं असतं. तुम्हाला काय मावशी, चार माणसं उचलून नेतील.

"मी सामान नाही, जावईबापू," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात जाहिरातीचा फोटोग्राफर आला. त्याला रॅम्पवर खुर्ची हवी होती, बाई नको होत्या. चेहरा जरा हसरा हवा म्हणे. पाच मिनिटांसाठी म्हणून बाईंना व्हरांड्यातल्या सोफ्यावर ठेवलं आणि खुर्चीत रिसेप्शनवरची मुलगी बसवली. उतार जास्त आहे, ब्रेकला हात लावू नका, असं बाईंनी बजावलं. ते कुणी कानावर घेतलं नाही. फोटोग्राफरने मुलीला हात पसरायला लावले आणि खुर्ची अडल्यासारखी दिसते म्हणून ब्रेक स्वतःच काढला.

खुर्ची सुसाट निघाली ती थेट तलावात. मागून जावयाने बुटांसकट उडी टाकली, फोटोग्राफर कॅमेरा सांभाळताना घसरून पाण्यात पडला. मुलगी पोहत काठाला आली. तिघांत पोहता तिलाच येत होतं; बाकीचे दोघे काठ धरून कसेबसे बाहेर आले. खुर्ची तळाशी जाऊन बसली.

ज्या पाण्यासाठी बाई नऊ वर्षं झुरल्या, त्यात सगळे भिजले. कोरड्या तेवढ्या त्या. त्यांना रडू आलं, पण या माणसापुढे रडायची त्यांना लाज वाटली.

जावई निथळत आला. खुर्ची नवी घेऊन देतो म्हणाला, आणि निर्लज्जपणे फॉर्म पुढे केला. तलावापर्यंत खुर्ची सहज पोहोचते का, या प्रश्नापुढे बाईंनी "हो" लिहिलं. त्याचा जीव भांड्यात पडला. मग शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: "माणूस सोफ्यावर राहतं." खाली सही केली.

नंतर बाईंना चार माणसांनी उचलून गाडीपर्यंत नेलं, आणि त्यांची बॅग पाचव्याने.