माहेरची डुकरीण

“नवश्या, आदी हिला भाईर काड, मंग हिच्या डुकरिनीला!”

झुंबरबाईचा आवाज अख्ख्या वलवणात गेला. भर आषाढ, धरणाच्या अंगाला असलेली कैकाड्यांची पालं भिजून लिबलिबलेली, आणि ही बाई चिखलात उभी राहून पोराला, नवसूला, सुनेला हाकलायला सांगत होती. सून म्हणजे चिंगी. पोरीच्या अंगाची हळद अजून निघाली नव्हती.

भांडण डुकरांवरून. टोपल्या विणून मीठ-मिरची सुटते, पोट भरतं ते डुकरांवर; आणि तीच एकेक करून मरत होती. आव आणि रक्त पडायचं, कुशी खपाटीला जायच्या, मग बसलेलं जनावर उठायचंच नाही. झुंबरबाईनं बेलाचा गर चारला, डाळिंबाची साल उकळून पाजली, देवीचा अंगारा लावला. गुण येईना. उरली तीन, त्यांनाही हगवण लागलेली. धडधाकट एकच, चिंगीला आईनं पाठवणीत दिलेली.

“आमची मरत्यात आन् हिची फुगतीया! पांढऱ्या पायाची अवदसा!”

“म्या काय केलं वो, आत्याबाई?” चिंगी रडत म्हणाली.

माझं भाताचं खाचर त्यांच्या पालाला लागूनच. मला राहवेना. म्हटलं, “नवसू, बायकूला हाकलून डुकरं बरी व्हत्यात व्हय रं? चल, लोनावळ्याच्या गुरांच्या डाक्टरला इचारू.”

मीच नवराबायकोला घेऊन गेलो. डॉक्टरनं पहिलं विचारलं ते नव्या जनावराचं.

“ती दिसायला चांगली, पण रोग तिच्याच पोटात असणार,” तो म्हणाला. “तिच्या घाणीतून तो बाकीच्यांच्या खाण्यात गेला. नवं जनावर आधी लांब बांधायचं असतं.”

नवसूनं मान खाली घातली. त्यांच्यात रीत नेमकी उलटी. सुनेबरोबर आलेलं जनावर आल्या दिवशीच घरच्या डोणीत जेवलं पाहिजे. वेगळं घातलं तर सोयरीक तुटते. झुंबरबाईनंच हौसेनं कोंडा कालवून सगळ्यांना त्या दगडी डोणीत एकत्र खायला घातलं होतं.

“आवशद द्या की काय तरी,” नवसू काकुळतीला आला.

“खात्रीचं नाही. आजारी डुकरं कोरड्या जागी न्या, खालची घाण रोज खरडून चुना टाका, पाणी उकळून गार करून पाजा. ती डुकरीण मात्र मारून पुरा. विकू नका, खाऊ नका.”

पालावर परतल्यावर नवसूनं हे सगळं आईला सांगितलं. चूक कुणाची ते तिला कळलं, पण कबूल करील ती झुंबरबाई कसली! “रीत पाळली, पाप न्हाई क्येलं,” एवढंच पुटपुटली.

नवसूचा हात उचलेना. चिंगीनंच डुकरिणीच्या गळ्यातला काथ्या सोडला.

“आयनं दिल्यालं येवडंच व्हतं. करा,” म्हणाली आणि तोंड फिरवून हमसून हमसून रडली. मलाही बघवलं नाही.

खड्डा बुजला. चिंगी पालात गेली आणि आपलं गाठोडं बांधायला लागली. हाकललेल्या बाईनं थांबावं तरी कशाला?

झुंबरबाईनं तिच्या हातातलं गाठोडं हिसकून कोपऱ्यात फेकलं.

“कुटं निगालीस? त्या तिनांला पानी कोन उकळंल? मला येकलीला न्हाई हुयाचं.”

चिंगी चुलीशी बसली. लाकडं ओली, पेटता पेटेनात. मग सासूही शेजारी बसून फुंकायला लागली.