ताटावर धरलेले हात

लालबागच्या परबांच्या खाणावळीत पोट भरलं हे तोंडाने सांगून काही उपयोग होत नाही. ताटावर दोन्ही तळवे आडवे धरावे लागतात. ही रीत शेवंती परबच्या सासूने घातली. तेव्हा जेवायला यायचे ते गिरणीच्या साचेखात्यात मागांवर कापड विणणारे कामगार. दिवसभर यंत्रांच्या खडखडाटात राहून त्यांचे कान कामातून गेलेले. त्यांना विचारून उत्तर मिळेपर्यंत आमटी गार व्हायची. म्हणून सासूने ठरवून टाकलं की ताट रिकामं दिसलं की वाढायचं आणि हात आडवे दिसले की थांबायचं. पुढे गिरणी गेली, सासू गेली, साचेखात्याच्या जागी काचेचा टॉवर आला. रीत तेवढी जागची हलली नाही. आता बँकेतली पोरंसुद्धा दुसऱ्या दिवसापासून निमूटपणे हात धरायला शिकतात.

तर गेल्या हिवाळ्यात शेवंतीच्या मुलाचा क्लब, लालबाग स्पोर्टिंग, फुटबॉलच्या शेजार चषकात खेळला. आजूबाजूच्या देशांतले आठ क्लब, आणि हरला तो घरी गेला, असा मामला. आपला क्लब त्यात कसा शिरला हे क्लबच्या लोकांनाही नीटसं सांगता येत नव्हतं. वर नशीब असं की चिठ्ठी काढली की प्रत्येक वेळी सामना मुंबईतच निघायचा. नियम एकच होता, पाहुण्यांच्या जेवणाची सोय यजमानांनी करायची. क्लबचे सेक्रेटरी धम्मपाल जाधव नायगावचे, महापालिकेत हेडक्लार्क. हॉटेलांचे दर बघून त्यांनी कपाळाला हात लावला आणि थेट शेवंतीकडे आले.

"काकू, अठरा माणसं. दुपारी बाराला जेवतील, चारला मॅच. देशाच्या इज्जतीचा सवाल आहे."

देशाची इज्जत म्हटल्यावर शेवंतीने कोंबडी-वडे केले, सुरमई तळली, सोलकढीचं पातेलं भरलं.

मालदीवची पोरं आली. गोड पोरं, हसतमुख. यजमानाने वाढलेलं ताटात टाकू नये अशी त्यांच्या आयांची शिकवण असावी, कारण त्यांनी ताटं चाटूनपुसून साफ केली. ताट साफ दिसताच शेवंतीने वाढलं. त्यांनी पुन्हा संपवलं. तिने पुन्हा वाढलं. दोन्हीकडची माणसं सारखीच सभ्य, त्यामुळे थांबायचं कुणी हाच प्रश्न होता. सभ्यपणाच्या या लढाईत दीडशे वडे कामी आले. चारच्या सामन्यात ती पोरं मैदानावर लग्नातल्या व्याह्यांसारखी सावकाश हिंडत होती. लालबाग स्पोर्टिंग तीन-शून्यने जिंकलं.

सेमीफायनलला भूतानची पोरं आली. त्यांनाही तसंच वाढलं, त्यांनीही तसंच संपवलं. दोन-शून्य.

दोन सामन्यांत एकही गोल न खाल्लेला गोलकीपर म्हणून शेवंतीच्या विनीतचा फोटो पेपरात आला. खाली छापलं होतं, ‘लालबागची भिंत’. चोवीस वर्षांचा हा पोरगा दिवसा मोबाईलच्या दुकानात काउंटरवर उभा राहायचा आणि संध्याकाळी बॉल झेलायचा. आजवर त्याच्याबद्दल चांगलं कुणी छापलं नव्हतं, बोललंही नव्हतं. फायनलला तर मोठ्या क्लबची माणसं त्याला बघायला येणार होती. निवड झाली तर काउंटर सुटणार होता. शेवंतीने कात्रण देवाच्या फोटोमागे ठेवलं. विनीतने ते दोनदा काढून टाकलं. तो लाजतोय असं समजून तिने तिसऱ्यांदा ठेवलं.

ती स्वतः मात्र मॅच बघायला कधी गेली नव्हती. लोकांनी ठरवून आपल्या पोराच्या अंगावर बॉल मारायचा आणि आपण टाळ्या वाजवायच्या, हा खेळ तिला पटत नसे. फायनलच्या दोन दिवस आधी शेजारच्या आकांक्षाने तिला मोबाईलवर सेमीफायनल दाखवली. शेवंतीने विनीतला शोधलं. तो पोस्टला टेकून उभा होता. बॉल सगळा पलीकडे. मग कॅमेऱ्याने भूतानचा एक बॅक दाखवला. तो पोटावर हात धरून गवतावर बसला होता आणि ढेकर देत होता. हा बाराव्या वड्याचा पोरगा, तिने लगेच ओळखला.

तिच्या हातातला चहा तसाच राहिला.

संध्याकाळी धम्मपाल फायनलचा मेनू सांगायला आले. "नेपाळवाले आहेत काकू. तेच करा. फक्त वडे जरा जास्त."

"तुमका ठावक होता?"

"काय?" धम्मपाल छताकडे बघू लागले. "आपण काय विष घालतोय का? पाहुणचार तर आहे. आणि विन्याचं बघा ना, आयुष्याचा प्रश्न आहे त्याच्या."

तेच तर होतं. शेवंतीला त्या रात्री झोप आली नाही. आपल्या जेवणाने माणसं आडवी होतात याचा राग एकीकडे, आणि पोराचा काउंटर दुसरीकडे. पेपराने भिंत म्हटलेला आपला पोरगा खरोखर भिंत आहे की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. आणि ते कळून घ्यायची तिला भीती वाटत होती.

फायनलच्या दिवशी बाराला काठमांडूची अठरा पोरं ओळीने बसली. भाताचा पहिला डोंगर गेला, दुसरा गेला. शेवंती वड्यांची परात घेऊन कॅप्टनसमोर आली. त्याचं ताट लख्ख होतं आणि कपाळावर घाम होता. तिच्याकडे बघून तो हसला, आणि ज्या हसण्याने माणूस डॉक्टरला ‘दुखत नाही’ म्हणतो तसं ते हसणं होतं. दारात उभे असलेले धम्मपाल मान हलवून वाढा, वाढा म्हणत होते.

तिने वडा उचलला. विनीतच्याच वयाचा असेल हा. याचीही आई कुठेतरी देवामागे कात्रण ठेवून बसली असेल, असं तिला वाटलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिने वडा परातीत टाकला, परात खाली ठेवली आणि कॅप्टनचे दोन्ही हात धरून त्याच्या ताटावर आडवे ठेवले.

"ऐसा करने का, बाबा. मग कोणी नही डालेगा. पेट भर गया ना? तो ऐसा."

कॅप्टनने आधी हातांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग तो आपल्या भाषेत काहीतरी ओरडला आणि अठरा ताटांवर छत्तीस हात एकदम पडले.

"काकू!" धम्मपाल दारातच खाली बसले.

त्या दिवशी शेवंती पहिल्यांदा कूपरेजच्या मैदानावर गेली. निम्मा सामना तिने पदराआडून पाहिला. हलकी झालेली नेपाळची पोरं वाऱ्यासारखी पळत होती आणि बॉल सारखा विनीतच्याच दिशेने येत होता. तो डावीकडे झेपावला, उजवीकडे पडला, एकदा तोंडावर आपटला. पंधरावा की सोळावा असेल, तो बॉल आत गेला, आणि शेवटी शेवटी आणखी एक गेला. लालबाग स्पोर्टिंग दोन-एकने हरलं. मोठ्या क्लबची माणसं विनीतशी काहीतरी बोलून निघून गेली. काय बोलली ते विचारायचं धाडस शेवंतीला झालं नाही.

दिवेलागणीला तो खाणावळीत येऊन बसला. तिने ताट मांडलं आणि समोर उभी राहिली.

"त्यांच्या कॅप्टनने सांगितलं मला," विनीत म्हणाला. "तू काय केलंस ते."

"रागावलंस?"

"आई, मालदीवच्या मॅचला माझ्याकडे बॉल किती वेळा आला माहितीये? तीनदा. त्यातले दोन आपल्याच पोरांनी मागे दिलेले. पेपरवाले भिंत म्हणत होते आणि मला तोंड कुठे लपवू झालं होतं. ते कात्रण मी उगाच काढत होतो का?" त्याने दोन्ही तळवे तिच्यासमोर धरले. लालबुंद, सुजलेले. "हे बघ. आज बॉल आला."

तो हसत होता. शेवंतीला रडू आलं आणि ते लपवायला ती वडे वाढत सुटली. चार झाले, पाच झाले, सात झाले. शेवटी विनीतने ते सुजलेले हात रीतसर ताटावर आडवे धरले.

चाळीस वर्षांत परबांच्या खाणावळीत कुणाचा हात डावलला गेला नव्हता. शेवंतीने एकदा त्या हातांकडे पाहिलं आणि आठवा वडा त्यांच्यावरच ठेवला.