नऊ मिनिटं

डॅन्यूबकाठच्या त्या गावातल्या इस्पितळात संगणकांचं सगळं काम ल्युबेन एकटा बघायचा. चौकशी समितीपुढे नोंदींचे छापील कागद ठेवले तेही त्यानंच. तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजोबांनी दुपारी तीन दहाला घंटी दाबली होती. सिस्टर डेचका खाटेपाशी पोचल्याची नोंद वॉर्डातल्या संगणकावर तीन एकोणीसची होती. तोवर आजोबा खाटेवरून उतरायला गेले नि पडून खुबा मोडून बसले.

"घंटी वाजली आणि मी धावले," डेचका पुन्हा पुन्हा सांगत होती. "नऊ मिनिटं कुठली काढलीत?"

"मावशी, यंत्राला खोटं बोलून काय मिळणार?" ल्युबेन म्हणाला. समितीतले दोघं हसले. एकतीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईची रवानगी तळघरात, चादरींच्या कोठीत झाली.

पंधरा दिवसांनी प्रयोगशाळेतून तक्रार आली. नोंदी बघितल्या तर तिसऱ्या मजल्यावरचं रक्त काढायच्या आधीच आमच्याकडे पोचतं, म्हणे. ल्युबेन हसतच वर गेला. वॉर्डातला संगणक आठ मिनिटं पुढे होता.

इस्पितळातले सगळे संगणक एका मुख्य यंत्राला वेळ विचारून आपापली घड्याळं जुळवून घेत. वसंतात संगणकांच्या जाळ्याची सुरक्षा कडक करताना त्यानं बऱ्याच वाटा बंद केल्या होत्या; त्यांत तिसऱ्या मजल्याची वेळ विचारायची वाटही गेली होती. विचारायला कुणी उरलं नाही, तसा तो जुना संगणक रोज दोन-तीन सेकंद पुढे सरकत राहिला. घंटीची नोंद मात्र थेट मुख्य यंत्रात व्हायची; म्हणजे डेचका मिनिटा-दीड मिनिटातच पोचली होती.

ल्युबेननं वाट उघडली. घड्याळ जुळलं. प्रयोगशाळेला त्यानं "झालं" एवढंच कळवलं, आणि तोंड मिटून घेतलं.

चौथ्या दिवशी जेवणघरात डेचकाच त्याच्या टेबलाशी आली. घरून आणलेल्या चीजभरल्या बानित्साचा तुकडा तिनं त्याच्या ताटात ठेवला. "तुझ्यावर राग नाही रे. तू तुझं काम केलंस."

तुकडा त्यानं तसाच ठेवला. तो उठून थेट संचालकबाईंकडे गेला. आता घड्याळ बरोबर आहे, मग कशाला उकरून काढतोस, असं त्या म्हणाल्या. त्यानं सगळं लिहून, खाली सही करून कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. मग तो तळघरात उतरला.

डेचकानं सगळं ऐकून घेतलं. घडी करता करता तिचे हात थांबले.

"घरी गेल्यावर मी रोज आठवत बसायचे," ती म्हणाली. "शेवटी मलाच वाटायला लागलं, की मी रेंगाळले असेन. त्या म्हाताऱ्याची माफीसुद्धा मागून आले मी."

ल्युबेनला वर बघवेना. "चुकलो मावशी," एवढंच कसंबसं निघालं.

"आधी का नाही सांगितलंस? चार दिवस?"



ल्युबेनचा कागद वाचून समितीनं ठपका मागे घेतला आणि डेचका वॉर्डात परतली. पण आता घंटी वाजली की ती आधी मनगटावरचं घड्याळ बघते आणि मगच धावते, असं तिथल्या तरुण सिस्टर सांगत. ते कानावर आलं की ल्युबेन मान खाली घालून जिना उतरायचा.