आईचं बोलणं सरांच्या नावावर

सांगलीच्या आमच्या कॉलेजात वीरधवल सरांचा दरारा एकाच गोष्टीचा. दुसऱ्याचं वाक्य घेतलंत तर अवतरणचिन्ह टाका, नाव द्या, पान द्या. एवढ्यावरून त्यांनी भल्याभल्यांना वर्गात रडवलंय. मलासुद्धा.

म्हणून परवा त्यांनी माझा सैनिकांच्या विधवांवरचा प्रबंध टेबलावर आपटला तेव्हा मी हबकलेच.

"शिवांजली, सॉफ्टवेअरनं चोरी पकडलीय. चौथं प्रकरण तुम्ही माझ्या पुस्तकातून उचललंय."

उचललंय म्हणे! हेच प्रकरण मी गेल्या वर्षी त्यांच्याकडे तपासायला दिलं होतं. त्यांनी ते परत केलंच नाही. दिवाळीत त्यांचं पुस्तक आलं. उघडून बघते तर माझी वाक्यं, जशीच्या तशी. आणि मधोमध माझी आई! बाबांची शवपेटी सीमेवरून उंब्रजला आली, तेव्हा लोकांसमोर रडायला नको म्हणून आई गोठ्यात जाऊन म्हशीच्या गळ्यात पडली होती. प्रबंधात लिही म्हणून तिनं हे मला सांगितलं, फक्त मला. त्याखाली सरांनी छापलंय, 'लेखकाने घेतलेली मुलाखत.'

"सर, हे माझं आहे."

"छापलं कुणी आधी? मी. वाद नको. तो मजकूर अवतरणचिन्हात घाला, खाली माझ्या पुस्तकाचं नाव द्या, लगेच सही करतो. नाहीतर दुसरा गाइड शोधा. कोण घेतंय तुम्हाला तेच बघतो!"

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. कोरेगावच्या कॉलेजातली माझी नोकरी या सहीवर अडलेली, हे त्यांना पक्कं माहीत होतं. मी तिथंच आईला फोन लावला, स्पीकरवर.

"आई, गोठ्यातलं तू आमच्या सरांना कधी सांगितलंस?"

"म्या? त्यास्नी तर कवा बघितलंबी न्हाई. का गं?"

"त्यांच्या पुस्तकात आलंय. तू त्यांनाच सांगितलंस, असं छापलंय. आता मीही तसंच लिहायचं, तरच सही देणार म्हणतात."

सर म्हणाले, "घरच्यांना कशाला मध्ये आणताय? सही हवी की नको, तेवढं बोला."

"आवं सर," फोनमधून आई म्हणाली, "माझ्या सासूलाबी म्या ते कळू दिलं न्हवतं. तुमी परक्या गड्यानं माझं रडणं आपल्या नावावर केलंसा? लाज कशी वाटली न्हाई हो?"

सरांनी फोनकडं हात नेला. मी फोन मागं ओढला.

"शिवांजली," आई म्हणाली, "नगं आपल्याला त्या माणसाची सही. तुझं कागद उचल आन् घरी ये."

मी उचलले.