इस्तारीभाऊच्या उंचीचा घोडा

मी एक जुना लाकडी घोडा आहे. मित्रांनो, घोडा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर आयाळ आणि शेपूट आली असेल. माझ्याजवळ त्यातले काहीच नाही. माझे दोन्ही बाजूंचे पाय कैचीसारखे आहेत. त्यांच्यावर एक आडवा दांडा आहे आणि दांड्याला दोन लोखंडी आकडे आहेत. त्या आकड्यांना सायकल टांगतात. चाके जमिनीपासून सुटली की पायडल फिरवून साखळी धुता येते, एकेक तार पुसता येते, तेल घालता येते. घरच्या घरी सायकल नीट राहावी म्हणून माझा जन्म झाला.

नागभीडच्या पुढे एका तलावाच्या काठी इस्तारीभाऊंचे घर आहे. भाऊ तलावातली मासोळी सायकलवर घेऊन गावोगाव विकायचे. टोपलीतले पाणी दिवसभर साखळीवर ठिबकायचे आणि साखळी गंजायची. रोज संध्याकाळी वाकून वाकून सायकल धुताना त्यांची कंबर धरायची. म्हणून त्यांनी मोडक्या बैलगाडीच्या लाकडातून मला घडवले. दांडा किती उंच ठेवायचा? भाऊ माझ्याजवळ ताठ उभे राहिले, छातीशी हात धरला आणि म्हणाले, "इथी पायजे." तिथेच दांडा ठोकला गेला. भाऊ ताडासारखे उंच. त्यामुळे मीही उंच झालो आणि मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

किती वर्षे मी ते काम केले! भाऊ दोन्ही हातांनी ती काळी, वजनदार सायकल उचलायचे आणि फुलांचा हार घालावा तशी माझ्या आकड्यांना अडकवायचे. एका हाताने हलती सायकल धरायची, दुसऱ्या हाताने पुसायची. शेजारचे लोक म्हणायचे, "इस्तारीभाऊची सायकल पाहा, नवरीसारखी चमकते." ते कौतुक अर्धे माझे होते असे मी समजत असे.

मग एका उन्हाळ्यात भाऊंना लकवा मारला. जीव वाचला, चालणेही हळूहळू जमू लागले, पण डावा हात खांद्यापासून लोंबकळत राहिला. घर कसे चालायचे? कुंताबाईने, म्हणजे भाऊंच्या बायकोने, लुगड्याचा काचा मारला आणि तलावाच्या पाळीवर सायकल शिकायला घेतली. ती कितीदा तरी पडली. पोरे हसली. पण पावसाळा सरता सरता ती टोपली बांधून गावोगाव जाऊ लागली. तिचा आवाज खणखणीत होता आणि बोलणे गोड. गिऱ्हाईक वाढले.

पण मित्रांनो, कुंताबाई बुटकी आहे. माझा दांडा तिच्या डोक्याबरोबर येतो. दिवसभर सायकल हाकून थकलेली ती बाई एवढे वजन तिथवर उचलणार तरी कशी? दोनदा तिने प्रयत्न केला, दोनदा सायकल तिच्या अंगावर आली. नंतर ती नुसत्या फडक्याने वरवर पुसू लागली. साखळी कुरकुरू लागली. मी रिकाम्या आकड्यांनी ते ऐकत उभा असायचो.

दिवाळीत त्यांची मुलगी रीता घरी आली. ती मोहर्लीला एका हॉटेलात काम करते. तिथे पाहुण्यांना फिरायला सायकली ठेवलेल्या असतात. तिने आईची सायकल पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"माय, आमच्या इथी सायकली धुवाचा स्टँड हाय. तसा तुले घेऊन देतो."

मायलेकी माझ्यासमोरच बाजेवर बसल्या आणि मोबाइलमध्ये स्टँड निवडू लागल्या. सांगा, माझ्यासमोर! एक स्टँड नुसते मागचे चाक उचलणारा होता. कुंताबाई म्हणाली, "मंग वाकावच लागते न. ह्यो नको." दुसरा भिंतीला ठोकायचा होता. रीता म्हणाली, "आपली भित मातीची. सायकल अन् भित दोनी खाली येतीन." तिसरा लाल रंगाचा, तीन पायांचा, घडी होणारा. त्याला एक पकड होती. ती वरखाली सरकायची, सीटखालची दांडी घट्ट धरायची.

"खाली बी होते का?" कुंताबाईने विचारले.

"होते न. तू खाली बसून बी धुवू शकतं. पण आपली सायकल जड हाय, वजन किती पेलते ते पाहू दे." रीताने ते नीट वाचले. "पेलते. टोपली काढून लावाची, बस."

खाली होतो म्हणे! मला तर खाली होता येत नव्हते. मी मनात म्हटले, घडी होणाऱ्या वस्तूचा काय भरवसा?

मी एकटाच जळत नव्हतो. ओसरीवर भाऊ बसले होते. ते तोंड फिरवून म्हणाले, "माहा घोडा का मेला का? ह्या घरात माहं काईच चालत नाई आता."

लाल स्टँड खोक्यातून आला. रीताने तो अंगणात उभा करून दाखवला. आळीतली सारी माणसे जमली. कोणी त्याच्या पायांना हात लावला, कोणी पकड फिरवून पाहिली. शेजारचा पत्रू म्हणाला, "चिज भारी हाय!" माझ्या एका आकड्यावर कोणीतरी ओला टॉवेल वाळत घातला होता. त्या टॉवेलाआडून मी सगळे पाहत होतो आणि माझे लाकूड आतून चरचरत होते.

रीता मोहर्लीला परत गेली आणि भाऊंनी फर्मान काढले, "ते लाल भूत माह्या अंगणात नाई पायजे." कुंताबाईने वाद घातला नाही. तिने स्टँडची घडी केली आणि तो कोनाड्याखाली ठेवून दिला. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! पण माझ्याजवळही कोणी आले नाही. सायकल तशीच मळत राहिली. ब्रेकच्या रबरांवर मासोळीचा चिकट थर बसला.

एके सकाळी कुंताबाई मरळ मासोळी घेऊन जंगलाच्या रस्त्याने निघाली. नाल्याच्या उतारावर रानडुकरांचा कळप आडवा आला. तिने ब्रेक दाबले. ब्रेक लागलेच नाहीत. डुकरे वाचवायला तिने सायकल वळवली आणि ती दगडांवर जाऊन आदळली. पत्रू त्याच वाटेने कामावर चालला होता. त्यानेच तिला घरी आणले. कोपर सोलून निघाले होते, कपाळातून रक्त येत होते आणि सारी मासोळी मातीत गेली होती.

भाऊ धडपडत उठले. "काऊन पडली? तुले सायकल चालवाचं समजत नाई का?"

कुंताबाईने इतक्या महिन्यांत कधी आवाज चढवला नव्हता. आज चढवला. "ब्रेक नाई लागले! धुवाले कोन हाय? तुमचा घोडा माह्या डोक्याएवढा, अन् नव्याले तुमी हात लावू देत नाई. मी मेली असती त मंग?"

पत्रू सायकल भिंतीला टेकवून हळूच निघून गेला. मग भाऊ म्हणाले, "लोक म्हनतात, बाईची मासोळी ताजी असते. ऐकून मले जळू जळू होते, कुंता. माही मासोळी का शिळी होती का?"

कुंताबाईने पदराने कपाळ दाबले होते. ती म्हणाली, "तुमीच शिकवलं न मले, पहिले मासोळीचा कल्ला लाल हाय का ते पाहाव म्हनून. मी तेच पाहातो."

भाऊ कोनाड्यापाशी गेले. उजव्या हाताने त्यांनी लाल स्टँड ओढत अंगणात आणला आणि पायांनी त्याची घडी उघडली. कुंताबाईने सायकल जराशी उचलून धरली, भाऊंनी पकड आवळली. चाके जमिनीपासून वीतभर सुटली. भाऊ समोर पाटावर बसले. त्यांनी चाक फिरवले. चाक गरगरले, पण सायकल जराही झुलली नाही.

मित्रांनो, तेव्हा मला माझी उणीव कळली. मी सायकल टांगायचो, पण धरून ठेवायचो नाही. ती माझ्या आकड्यांवर झुलायची. तिला धरायला एक हात आणि पुसायला दुसरा हात लागायचा. भाऊंजवळ आता एकच हात होता, आणि लाल स्टँडला तो एकच पुरत होता. भाऊंनी ब्रेकची रबरे घासली, साखळी रॉकेलने धुतली, तारा पुसल्या. त्यांच्या कपाळावर घाम आला. लकव्यानंतर पहिल्यांदाच मी त्यांना घामाघूम झालेले पाहिले. शेवटी ते चाकाला टिचकी मारून हसले.

त्या हसण्याचा मला जेवढा मत्सर वाटला, तेवढा आजवर कशाचाच वाटला नव्हता. ते हसू मी आणायला हवे होते. मला ते आणता आले नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी भाऊ सायकल धुतात आणि सकाळी कुंताबाई ती घेऊन निघते. ब्रेक दाबून पाहिल्याशिवाय भाऊ तिला फाटकाबाहेर जाऊ देत नाहीत. माझ्यावर जाळी वाळायची, कोंबड्या बसायच्या. थंडीत एकदा कुंताबाई म्हणाली, "ह्याले पानी तापवाले फोडू का?" माझा तर जीवच गेला.

भाऊ म्हणाले, "नाई. पत्रूले हाक मार."

पत्रू आला. तो भाऊंएवढाच उंच आहे आणि सायकल जमिनीवर उलटी करून दुरुस्त करत असतो. भाऊंनी त्याला माझ्याजवळ उभे केले. दांडा बरोबर त्याच्या छातीशी आला. "ने," भाऊ म्हणाले, "तुहे दोनी हात धड हायेत."

आता मी कुंपणापलीकडे राहतो. पत्रूने मला तेल पाजले, सैल झालेला खिळा ठोकला, पावसात भिजू नये म्हणून पत्र्याखाली जागा दिली. त्याची सायकल माझ्यावर झुलते आणि मला ते आवडते. तरी संध्याकाळी कुंपणाआडून तो लाल रंग दिसला आणि भाऊंचे हसू ऐकू आले की मी अजून जळतो. खोटे कशाला सांगू?

मित्रांनो, माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. घरात नवी वस्तू निवडाल, तेव्हा तिचा रंग नंतर पाहा. ती ज्याला वापरायची आहे त्याची उंची, त्याचे हात, त्याची कंबर आधी पाहा. आणि जुनी वस्तू चुलीत घालण्याआधी गावात एक फेरी मारा. ती कोणाच्या तरी मापाची असेल. तिला उन्हापावसातून आत घ्या, तिचे खिळे ठोका आणि तिला काम द्या. काम असले म्हणजे जळायलाही फारसा वेळ मिळत नाही.